डोकरीची धार

"पाय दाखवा," भंवरदान म्हणाले.

मी चपला काढून देवळाच्या ओट्यावर बसले आणि एकेक पाय पुढे केला. उंट विकत घेताना जनावराचे तळ बघतात तसे त्यांनी माझे तळवे बघितले. हात न लावता, मान वाकडी करून.

"शहरातले आहेत," त्यांनी बाकीच्या म्हाताऱ्यांना सांगितलं. "पण भेगा दिसतात. चालतील."

"माझे बघा की," इंगोले सर म्हणाले. "अस्सल वऱ्हाडी मातीतले आहेत."

"तुमचा गुडघा बघितला आम्ही, मास्तर. काल या ओट्याची पायरी चढताना तुम्ही तुमच्या गावच्या सगळ्या देवांची नावं घेतलीत."

म्हातारे हसले. सरही हसले आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मी सुटलो. तू अडकलीस, कुंदा."

लूणेरी हे जैसलमेरच्या पलीकडे, सरहद्दीच्या अंगाला असलेलं चारणांचं गाव. आपल्याकडे देवराई असते तशी तिकडे ओरण असते. देवाच्या नावाने सोडलेलं रान. त्यातली फांदी तोडायची नाही, पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. लूणेरीच्या ओरणीची देवी म्हणजे एक म्हातारी, आणि गाव तिला सरळ 'डोकरी' म्हणे. शब्द ऐकून इंगोले सर खूश झाले होते, कारण अकोल्याकडे आम्हीही म्हातारीला डोकरीच म्हणतो. अशा ओरणींतल्या झाडाझुडपांची नोंद करायला पुण्याच्या एका संस्थेने आम्हांला पाठवलं होतं. सर निवृत्तीला आलेले, मी नोकरीला नवी. आदल्या दिवशीच आम्ही गावात पोचलो होतो आणि देवळामागच्या खोलीत उतरलो होतो. गावकरी मारवाडी बोलत, आम्ही हिंदी. बरंचसं कळे. इथे मी सगळं मराठीतच सांगते.

"मला करायचं काय आहे?" मी विचारलं.

"उद्या सकाळी गळकं मडकं कमरेवर घ्यायचं आणि दूधपाण्याची धार सोडत ओरणीला फेरी घालायची. अनवाणी. जिथून निघालात तिथे धार येऊन जुळली की झालं. जिथे धार पडली ती डोकरीची हद्द."

"गावातलं कुणी का नाही?"

"गावातल्या प्रत्येकाचं एखादं शेत त्या हद्दीला लागून आहे." भंवरदानांनी दाढी खाजवली. "धार परक्याने ओतायची. ज्याची इथे जमीन नाही, माहेर नाही, सासर नाही असा. तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"म्हणजे सासर कुठेच नाही. उत्तम."

"हे तुझ्या आईला कळवायला हवं," सर पुटपुटले. "याला उत्तम म्हणणारा माणूस पहिल्यांदाच भेटला."

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक उंच, वाळका माणूस पागोट्याचं टोक चावत बसला होता. तो खेतदान. भंवरदानांचा चुलतभाऊ, वयाने धाकटा. दोघं एकमेकांशी बोलत नसत, हे मला लवकरच समजलं, कारण दोघंही इंगोले सरांमार्फत बोलू लागले.

"मास्तर, त्यांना सांगा," खेतदान म्हणाले, "धारेचा दिवस ठरलाय ते बरं झालं. माझ्या वडिलांनी जी हद्द सांगितली तीच निघेल."

"मास्तर, त्यांना सांगा," भंवरदान म्हणाले, "काकांनी काय सांगितलं ते गावाने वीस वर्षं ऐकलं. आता डोकरीचं ऐकू."

सरांनी एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवली. "दोघांनाही ऐकू आलं असावं असं मला वाटतं," ते म्हणाले.

प्रकरण असं होतं. नवी धार केव्हाही ओतत नसत. मागची धार डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस गावातून गेलं, की पुढची ओतायची. म्हणजे हद्द पाहिलेलं कुणीतरी गावात सदैव जिवंत असतं. मागच्या धारेचा शेवटचा साक्षी म्हणजे खेतदानांचे वडील, हरदान. ते या हिवाळ्यात गेले. ओरणीच्या दक्षिण अंगाला त्यांचं एक शेत होतं आणि त्या शेतात त्यांनी पावसाचं पाणी साठवायला जमिनीखाली पक्कं टाकं बांधलं होतं. हद्द शेताच्या अलीकडून जाते, शेत ओरणीबाहेर आहे, असं ते मरेपर्यंत सांगत राहिले. दुसरं कुणी पाहिलेलंच नव्हतं. भंवरदानांच्या बाजूची माणसं म्हणत, काकांनी कुंपण आत सरकवलं आणि डोकरीच्या तोंडचं रान खाल्लं.

"आणि टाकं ओरणीत निघालं तर?" मी विचारलं.

"ओरणीतलं पाणी मुक्या जिवांचं," भंवरदान म्हणाले. "हरणं, पाखरं, चरायला आलेली गुरं. बोलत्या माणसाने ते भरायचं नाही."

"मला हद्द कोण दाखवणार?"

"कुणी नाही. तुमच्यापुढे कुणी चालायचं नाही. मागच्यांनी बोलायचं नाही, खूण करायची नाही, खाकरायचंसुद्धा नाही. तुम्हीही मडकं उचललंत की मुकं राहायचं. मागे फिरायचं नाही. डोकरी नेते."

"आणि मी चुकले तर?"

भंवरदानांना हा प्रश्न कळेना. त्यांनी तो मनात एकदा फिरवून बघितला असावा. "चुकाल कशा?" ते म्हणाले. "तुम्ही जाल तीच हद्द."

त्या क्षणापासून गावातल्या कुठल्याही घरचं पाणी मला बंद झालं. प्यायचं ते देवळातल्या माठातलं.

ऊन कलल्यावर एक बाई शेळ्या घेऊन देवळाकडे आली. शेळ्या ओट्याच्या सावलीत घुसल्या, ती खाली उभी राहिली. सरांना बघून तिने ओढणी हनुवटीपर्यंत ओढली, तसे सर उठून खोलीत गेले. मग तिने ओढणी वर केली. पन्नाशीची असेल.

"तुम्हीच का त्या?"

"हो."

"मी सुगन. खेतदानांच्या घरची."

मी बसायला सांगितलं, ती बसली नाही. एका शेळीच्या कानातली गोचीड काढत बोलू लागली.

"टाकं बांधायच्या आधी आम्ही तळ्यावर जायचो. खूप लांब. पहाटे निघालं की परतेपर्यंत ऊन डोक्यावर. माझ्या दोन्ही पोरी त्या वाटेवर चालायला शिकल्या. मग सासऱ्यांनी टाकं बांधलं आणि मला दुपार मिळाली." तिने दुसऱ्या शेळीचा कान धरला. "दुपार म्हणजे काय असते ते मला तोवर ठाऊक नव्हतं, बाईसा. पहिल्या दिवशी काय करावं ते कळेना. खाटेवर नुसती बसून राहिले. सासू म्हणाली, आजारी आहेस का?"

मी हसले. तीही हसली.

"भंवरदानांच्या घरी आड झाला तो नंतर, आणि तिथे आमच्या घरचं पाऊल पडत नाही. आता सून आलीय. दिवस गेलेत तिला."

"सुगनबाई, मी काय करावं असं तुमचं म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. धार ओतणाऱ्याला कुणी काही म्हणायचं नसतं. मी तुम्हांला टाक्याची गोष्ट सांगितली." तिने जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढला, शेळ्या उठल्या, आणि ती गेली.

सर बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"याला न मागता मागणं म्हणतात," ते म्हणाले. "उद्या शेत आलं की सरळ कुंपणाच्या कडेने जा. ओरण उजव्या हाताला ठेवून चालायचंय ना? शेत डाव्या हाताला राहू दे. देवीला एक शेत कमी पडलं तर काय बिघडतं? तिला कुठे पाणी भरायला जायचंय?"

"आणि खरी हद्द पलीकडून असेल तर?"

"खरी म्हणजे काय? आत्ताच म्हणाले ना ते, तू जाशील ती."

"तुम्ही काय केलं असतंत?"

"मी गुडघा दाखवला," सर म्हणाले.

मला त्यांचं पटलं. माझा देवावर विश्वास नव्हता. सुगनबाईंची दुपार मात्र मला डोळ्यांपुढे दिसत होती. कुंपणाच्या कडेने जायचं, असं ठरवून मी झोपले.

सकाळी गाव देवळासमोर जमलं. प्रत्येक घरातून भरलेले हंडे येत होते. घरात असेल नसेल ते सगळं पाणी धारेला द्यायचं, घरी थेंब ठेवायचा नाही, अशी रीत. पाण्यात सांडणीचं दूध मिसळून ते उंटावरच्या पखालींत भरलं. उंट भंवरदानांनी धरला. मडक्यात भर घालायचं काम खेतदानांकडे आलं. भांडणारे दोघं असतील तर त्यांनीच ही कामं करायची, हेही ठरलेलं होतं. सरांना देवळाच्या ओट्यावर बसवलं. बायका घरी, नाहीतर आपापल्या शेतात थांबायच्या.

मडक्याच्या बुडाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं. खेतदानांनी त्यातलं गवताचं बूच काढलं. पांढरी बारीक धार माझ्या डाव्या पावलाशेजारी पडली, आणि मी निघाले.

पहिला भाग फक्त पायांचा होता. वाळू अजून गार होती, पण तिच्यात भरुटाचे काटेरी गोंडे पडलेले. दर चार पावलांना एखादा टाचेत शिरे. मडकं सोडून काढायची सोय नव्हती. मी पाऊल आधी टेकवून, चाचपून, मग भार द्यायला शिकले. त्यामुळे चाल आपोआप हळू झाली. हळू झाल्यावर दिसायला लागलं.

डाव्या हाताची शमीची झाडं बोडकी होती. दर हिवाळ्यात त्यांचा पाला गुरांसाठी छाटतात, त्यामुळे प्रत्येक झाडाची मूठ झालेली. उजव्या हाताच्या शमी जमिनीपर्यंत लोंबत होत्या. डाव्या बाजूला जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. काडी पडली की चुलीत गेलेली. उजव्या बाजूला वाळके ओंडके जिथे पडले तिथेच राखाडी होऊन पडलेले, त्यांवर सरडे. मोडून पडलेला एक रोहिडा आडवाच फुलला होता. म्हणजे हद्द दिसत होती. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. मी छाटलेल्या आणि न छाटलेल्या झाडांच्या मधून चालत राहिले, आणि मला त्या कामात मजा वाटू लागली.

मी वनस्पतिशास्त्र शिकले होते. आजवर मी रानाला प्रश्न विचारले ते परीक्षकासारखे: तुझं नाव काय, कुळ कोणतं. इथून पुढे कुठे जाऊ, असं मी कुठल्या झाडाला कधी विचारलं नव्हतं. त्या सकाळी मी प्रत्येक झाडापाशी तेच विचारत होते, आणि दर वेळी उत्तर मिळत होतं. मागे इतकी माणसं असून एकही आवाज नव्हता. उंटाच्या पावलांचासुद्धा येत नव्हता. धार वाळूत पडते त्याचा मात्र येत होता. पाणी पडताच वाळू एक अगदी बारीक श्वास घेतल्यासारखा आवाज करते. तो मला तोवर माहीत नव्हता.

मग झाडं संपली.

पुढे उघडी वाळू होती, दोन्ही बाजूंना सारखीच. छाटलेलं नाही, न छाटलेलं नाही, ओंडका नाही. मी थांबले. थांबता येत होतं, मागे फिरता येत नव्हतं. धार एकाच जागी पडू लागली आणि माझ्या पायाशी पांढरं डबकं झालं. खेतदान पुढे आले, त्यांनी मडक्यात भर घातली आणि परत मागे गेले. मी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. खरंच सांगायचं तर थोडी घाबरले. उन्हाचा चटका मानेवर बसू लागला होता.

समोरच्या उंचवट्यावर एक चिंकारा आला. नर होता, वळ्यावळ्यांच्या शिंगांचा. त्याने आमच्याकडे बघितलं, एक पाय आपटला, आणि आम्ही कुणीच हललो नाही तसा तो खाली उतरला. काही अंतर चालून एका जागी थांबला. मागचे पाय फाकवले, लेंड्या टाकल्या, त्या हुंगल्या, आणि कामावर असलेल्या माणसासारखा पुढे चालू लागला. बऱ्याच पुढे जाऊन पुन्हा थांबला. पुन्हा तेच.

मला हसू आलं, ते दाबताना मडकं हिंदकळलं, आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. चिंकाऱ्याचा नर आपल्या मुलखाच्या कडेला लेंड्यांचे ढीग ठेवतो आणि पिढ्यान् पिढ्या त्याच जागा वापरल्या जातात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाटेत असे ढीग दिसलेही होते, सगळे माझ्या उजव्या हाताला, कडेपासून हातभर आत. मी त्यांना मागे टाकून आले होते. तो आपली हद्द घालत होता आणि मी माझी. दोघं एकाच कामावर होतो. त्याला माझ्याबद्दल काही वाटलं असेल असं मी म्हणणार नाही. मला मात्र त्या उघड्या वाळूत पहिल्यांदाच वाटलं की मी इथे परकी नाही. मला परकी म्हणून निवडणाऱ्या गावाला याचा पत्ता नाही, एवढंच.

तो उंचवट्यामागे गेला. मी त्याच्या ढिगांच्या बाहेरून, ते उजवीकडे ठेवत चालत राहिले.

ढिगांची ती ओळ मला शेतापाशी घेऊन आली. कुंपण बोरीच्या काट्यांचं, कमरेएवढं. ते डावीकडून येऊन माझ्यासमोर आडवं पसरलं होतं आणि उजवीकडे ओरणीत लांबवर घुसलं होतं. ठरल्याप्रमाणे मला आता उजवीकडे वळायचं होतं. कुंपणाच्या कडेने गेलं की शेत डाव्या हाताला राहतं, टाकं खेतदानांचं राहतं, आणि कुणी मला काही म्हणू शकत नाही.

मी उजवा पाय उचललाही होता. तेवढ्यात कुंपणावरून आत नजर गेली.

पीक निघालेलं, नुसती नांगरट. तासं सरळ जात होती, दोरीने आखल्यासारखी. शेताच्या मधोमध मात्र ती वाकली होती. एका जागेला वळसा घालून पुन्हा सरळ झाली होती. वळशाच्या आत लेंड्यांचा ढीग होता, वरच्या लेंड्या ताज्या, काळ्या, चकाकणाऱ्या. तिथून पुढे टाक्याचा पांढरा घुमट, आणि घुमटाच्या पलीकडे तासं आणखी एकदा वाकली होती.

हरणं कुंपण उडी मारून येत होती. ते ठीक. त्यांच्यासाठी कुंपण म्हणजे काय. पण शेतकरी उकिरड्यासाठी गुरामागे टोपली घेऊन हिंडतो. फुकटचं खत शेतात पडलेलं असताना त्याला वळसा घालून नांगर कोण हाकतो?

मी मागे बघितलं. बघायला बंदी नव्हती. खेतदान भर घालायला पुढे आले होते. त्यांनी माझी नजर कुठून आली ते बघितलं आणि डोळे खाली घेतले. मडक्यात ते दूधपाणी ओतत राहिले. मडकं काठोकाठ भरलं, वाहू लागलं, माझी साडी भिजली, तरी ते ओततच होते. मग हातातलं भांडं सरळ करून मागे गेले.

माझ्या पायाशी डबकं वाढत होतं. सुगनबाईंनी टाक्याची गोष्ट सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. त्यांचा रागही आला. मी उचललेला पाय उजवीकडे टाकला नाही. सरळ टाकला. आणखी एक टाकला. आता काटे माझ्या पोटऱ्यांना लागत होते आणि दोन्ही हात मडक्याला होते. कुंपण हलवायला माझ्यापुढे कुणी येऊ शकत नव्हतं.

टाक्याच्या सावलीत कुणीतरी बसलं होतं. ती बाई उठली. ओढणी खाली, चेहरा दिसत नव्हता. ती सावकाश शेत ओलांडून आली. आपल्याच शेतात होती, माझ्यापुढे चालत नव्हती. काटे उचलायचं लांब दुबेळकं तिच्या हातात होतं. कुंपणाला ते लावून तिने पहिली फांदी आत ओढली. मग दुसरी. बोरीचे काटे एकमेकांत अडकलेले असतात. एक ओढलं की अख्खी भिंत कुरकुरत येते. वाट मोकळी झाली तशी ती बाजूला उभी राहिली.

मी आत गेले. धार नांगरटीवरून, ढिगाच्या कडेने, टाक्याच्या पलीकडून गेली. टाकं उजव्या हाताला राहिलं. पलीकडच्या बाजूचं कुंपणही तिनेच उघडलं.

त्यानंतरची वाट सोपी होती आणि मला फारशी आठवत नाही. ऊन डोक्यावर यायच्या आत धार देवळासमोर पहिल्या ओल्या डागाला जुळली. कुणी जयजयकार केला नाही. भंवरदानांनी माझ्या हातातून मडकं घेऊन दगडावर फोडलं. इंगोले सर ओट्यावरून उतरत होते, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी काही विचारायचं टाळलं.

भंवरदानांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. ते उंटाची दोरी हाताला गुंडाळत, सोडत उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, त्यांना सांगा, आमच्या आडाला..." आणि थांबले. सरांकडून तोंड फिरवून ते थेट चुलतभावाला म्हणाले, "खेतदान. पाणी आमच्या आडावरून ने."

खेतदान घराकडे चालू लागले. वर्षभर तरी त्यांनी त्या आडावर पाऊल ठेवलं नाही, हे मला पुढे कळलं. त्यांची बायको दुसऱ्याच दिवसापासून जाऊ लागली.

पण ते नंतरचं. त्या वेळी माझा घसा असा सुकला होता की गिळताना आवाज येत होता, आणि माझं मौन अजून सुटलं नव्हतं. धारेने ज्याचं गेलं त्याच्या घरच्या बाईने पाणी द्यायचं, ते प्यायलं की बोलायचं, अशी रीत असल्याचं एका म्हाताऱ्याने आता मला सांगितलं. सगळे खेतदानांच्या घराच्या दिशेने बघू लागले. मग एकेकाच्या लक्षात आलं. घराघरांतले हंडे सकाळीच रिते झाले होते. सुगनबाईंच्या घरी पाणी नव्हतं, आणि टाकं आता त्यांचं नव्हतं.

सुगनबाई शेताकडूनच आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला परत त्याच वाटेने घेऊन निघाल्या. मागून भंवरदान, सर आणि दोघंतिघं म्हातारे आले. टाक्यापाशी पोचल्यावर सुगनबाईंनी झाकण सरकवलं आणि बादली आत सोडली.

"अगं," भंवरदान लांबूनच म्हणाले, "ते पाणी आता..."

ते नात्याने त्यांचे थोरले दीर. तीस वर्षांत त्या त्यांच्यासमोर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी ओढणी आणखी खाली ओढली आणि मागे मागे आलेल्या शेळीकडे तोंड केलं.

"ह्यांना सांग," त्या शेळीला म्हणाल्या, "पाणी मुक्या जिवांचं झालं, ते ठाऊक आहे मला. हरणांच्या जागेला वळसा घालून नांगर हाकताना मी दर वर्षी बघितलंय सासऱ्यांना. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, त्यांची जागा आहे." त्यांनी भरलेली बादली वर घेतली आणि गुरांच्या दगडी डोणीत ओतली. "आणि ह्यांना असंही सांग, की या बाईने सकाळपासून तोंड उघडलेलं नाही."

इंगोले सरांनी चष्मा काढून पुसला.

"बसा, बाईसा," सुगनबाई मला म्हणाल्या. मी डोणीशी गुडघे टेकले. त्या माझ्या कानाशी वाकल्या. "न कळता ओतली असतीत तर जन्मभर राग धरला असता तुमच्यावर. म्हणून काल सांगायला आले होते."

मी ओंजळ बुडवली. पाणी गार होतं, त्याला चुन्याचा वास होता. शेळीने दुसऱ्या टोकाला तोंड घातलं. घुमटावरून दोन होले उतरले, माझ्याकडे एका डोळ्याने बघत कडेवर सरकले आणि प्यायला लागले. आमच्या सगळ्यांच्या पिण्याने पाण्यावर उठलेली वलयं मध्ये येऊन एकमेकांत मिसळत होती.

पहिली ओंजळ पोटात गेली तेव्हाच माझं मौन सुटलं होतं. सुगनबाई मी काय बोलते याची वाट बघत होत्या. सर, भंवरदान, सगळेच बघत होते. बोलले असते तर पाणी मला बंद झालं असतं. मी पुन्हा ओंजळ बुडवली.